दुहेरी गाठ

राजूर, ता. वणी
१२ नोव्हेंबर २०२३

दीपा,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. पाच वर्षांनंतर तो तुला चालेल की नाही, मला माहीत नाही. पत्ता शेजारच्या इंदुताईंनी दिला. फोन नंबर द्यायला त्या तयार नाहीत, तू मनाई केली आहेस म्हणे. तुझ्या आईच्या फोनमध्ये तो होता. कोणी काढून टाकला, ते तुला ठाऊकच आहे.

तर काम असं आहे की मला मोजे विणायचे आहेत. हसू नकोस. तू यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मोज्यांच्या कारखान्यात आहेस असं कळलं, आणि शाळेतही हाताने मोजे विणून तू पहिला नंबर काढला होतास, म्हणून विचारतो. दुसरं कोणी विचारण्यासारखं असतं तर विचारलं नसतं.

तुझ्या आईची शुगर वाढलेली आहे. पायाला आता गरम-गार काही कळत नाही. मागच्या महिन्यात चुलीतला निखारा पायावर पडला आणि तिला वास आल्यावर समजलं. डॉक्टर म्हणाले, अनवाणी फिरायचं नाही, मऊ मोजे घाला, रोज तळवे पाहत जा. बाजारच्या मोज्यांचं इलॅस्टिक पोटरीत रुततं आणि संध्याकाळपर्यंत लाल वळ उठतात. मग मी तुझी जुनी पेटी उघडली. दोन्हीकडे टोक असलेल्या तुझ्या सुया त्यात होत्या. त्यांना गंज नाही. तुझी आई दर दिवाळीला त्या पुसून ठेवते, हे मला त्या दिवशी कळलं.

सुलट-उलट टाके इंदुताईंनी शिकवले. अंगणवाडीत तीस वर्षं काढलेली बाई, मला पोरासारखं रागावते. पण त्यांना फक्त स्वेटर येतो. मोज्याचं गोल विणणं त्यांच्याही डोक्यावरून गेलं. तुझी आई खाटेवरून पाहते आणि म्हणते, "कोळसा काढणारा माणूस लोकर घिऊन बसला. पाह्यलं नव्हतं, तेही पाह्यलं बाप्पा."

अडचणी दोन आहेत. एक, मोज्याचं तोंड इतकं घट्ट होतं की टाचेवरून वर चढतच नाही. दुसरी, एका सुईवरून दुसरीवर गेलो की मधे शिडीसारखी विरळ रेघ पडते. चारदा उसवलं. लोकरीला आता केस फुटलेत.

उत्तर दे. विणण्यापुरतं दिलंस तरी चालेल.

नागोराव


राजूर
२६ नोव्हेंबर २०२३

दीपा,

पंधरा दिवस झाले. टपाल हरवलं असेल असं धरून पुन्हा लिहितो. हरवलं नसेल, तर हे हरवलं असं तू धर.

मोज्याचं तोंड अजून घट्टच आहे, पण ओढून-ताणून चढतं. आता टाचेवर अडलोय. टाच वळवली, बाजूचे टाके उचलले, की दोन्ही कोपऱ्यांत भोकं पडतात. बोट जाईल एवढी. आणि एक मोजा झाल्यावर दुसरा त्याच्यापेक्षा दोन बोटं आखूड निघाला, तो पुन्हा विणतोय. सुया त्याच, लोकर तीच, माणूसही तोच. तरी असं काहून होतं?

लोकरीचा गुंडा तळव्यापाशी संपला. वणीहून त्याच रंगाचा दुसरा आणला आणि जोडला. ते काही विचारायचं नाही, गाठ मारायला मला कोणी शिकवायला नको. खाणीत सामान खाली सोडायचे दोर बत्तीस वर्षं मीच बांधत होतो. एकेरी गाठ पाहिली की पाळीवरचा सरदार, म्हणजे मुकादम, परत पाठवायचा. कोणतीही गाठ मारली की तिच्यावर दुसरी मारायची, ही हाताला लागलेली शिस्त आहे. माझा एकही दोर कधी सुटला नाही, हे तुला लहानपणी शंभरदा सांगितलंय.

तुला पत्र टाकलं हे तुझ्या आईला सांगितलेलं नाही. उत्तर आलं नाही तर तिने कशाला दाराकडे पाहत बसावं? तशी ती पाहतेच. परवा मला म्हणाली, "टाच दीपा मस्त वळवत होती. तिले इचारा नं." मी म्हटलं, "मले येते."

आता विषय निघालाच आहे, तर लिहून टाकतो. लग्नाचं सांगायला तू अतुलला घेऊन आलीस त्या दिवशी तुम्ही दोघांनी दारात चपला काढल्या, आणि मी त्या उचलून रस्त्यावर फेकल्या. तुझी एक नालीत गेली. तू ती काढायला वाकली नाहीस, एका पायात चप्पल घालून फाट्यापर्यंत चालत गेलीस. माझ्या बापाने तसल्या वरच्या जातीच्या घरी सालगडी म्हणून जन्म काढला. गोठ्यात बसवून वेगळ्या जर्मनच्या थाळीत त्याला वाढायचे आणि ती थाळी त्यानेच धुऊन खुंटीला टांगायची. अतुलचं घर ते नव्हतं. तसलं होतं, तेवढं मला पुरलं. मी चुकलो असं मी लिहीत नाहीये. काय झालं, ते लिहितोय.

भोकांचं मात्र सांग. सहा डिसेंबरला मेणबत्त्यांचा मोर्चा आहे आणि तुझ्या आईला त्यात चालायचं आहे. मोजे तोवर व्हायला पाहिजेत.

नागोराव


राजूर
५ डिसेंबर २०२३

दीपा,

तुझा कागद आज दुपारी मिळाला. वर नाव नाही, खाली सही नाही, पाच ओळी फक्त. पोस्टमनसमोरच उघडला. अक्षर तेच आहे, 'ळ'चं पोट मोठं काढायची तुझी खोड गेलेली नाही.

चार ओळी लगेच कामाला आल्या. तोंडाचे टाके दोन सुया एकत्र धरून घालायचे म्हणजे सैल राहतात, हे मला सात जन्मात सुचलं नसतं. सुई बदलली की पहिले दोन टाके ओढून विणायचे. कोपऱ्यातला एक टाका जास्तीचा उचलून शेजारच्याबरोबर पिळून विणायचा. आणि मोजा वीतभर झाला असं न म्हणता ओळी मोजून लिहून ठेवायच्या. मी वितीने मोजत होतो. सकाळची वीत आणि दमल्यावरची वीत सारखी नसते, हे खरंच आहे.

तुझ्या आईला कागद दाखवला. तिने तो उलटा-सुलटा करून पाहिला, वाचता तर येत नाही. मग मला मोठ्याने वाचायला लावला. मी चार ओळी वाचल्या. ती म्हणाली, "माह्यासाठी काई नाई लिवलं?" मी म्हटलं, "लिवलं, तब्येतीले जप म्हणते." ते तू लिहिलेलं नव्हतं. तुझ्या नावावर मी लिहिलं, रागावू नकोस. तिने कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला.

दोन्ही मोजे तीन दिवसांपूर्वीच झाले आहेत. निळे. तोंड जरा घट्ट आहे, टाचेला भोकं आहेत, पण दिसायला मोजेच दिसतात. तेव्हापासून तिने ते काढलेले नाहीत. साऱ्या गल्लीत पाय पुढे करून दाखवते, "माह्या बुढ्यानं इणले." लग्नाला अडतीस वर्षं झाली, तिने माझी एवढी तारीफ कधी केली नव्हती. पुढचा जोड तुझ्या चार ओळींप्रमाणे करीन.

पाचव्या ओळीबद्दल नंतर लिहितो.

उद्या ती मोर्चात चालणार. मी नको म्हणतोय, ऐकत नाही. पांढरे कापडी बूट काढून ठेवलेत.

बाबा
(सवयीने लिहिलं गेलं. खोडलं नाही, राहू दिलं.)


राजूर
१४ डिसेंबर २०२३

दीपा,

लोकरीला डाग पडला तर काय करावं? थंड पाण्यात भिजत घातली, साबण लावला, तरी तळव्यापाशी तपकिरी गोल राहिलाच. गरम पाणी चालेल का? लोकर आटेल अशी भीती वाटते.

तुझी आई मोर्चात विहारापर्यंत गेली आणि चालतच परत आली. खूप खूश होती. घरी आल्यावर मी म्हटलं, मोजे काढ, पाय पाहू. ती म्हणाली, "राहू द्या नं, गरम लागून राह्यले." पाय गरम लागला हे तिला कळलं, याचाच मला आनंद झाला. तिच्या पायाला गरम-गार समजत नाही, हे मी त्या घडीला विसरलो. रोज तळवे पाहायचे होते. मोर्चानंतरही चार दिवस पाहिले नाहीत.

उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली, जखम आहे. किरकोळ आहे. हळद लावली. दवाखान्यातून मलम आणलं. तिला दुखत नाही, म्हणून ती भाकरी करायला बसते. मी ओरडतो, ती हसते.

डागाचं तेवढं सांग.

हे पत्र टाकावं की नाही, ठरवलेलं नाही.


यवतमाळ
२८ डिसेंबर २०२३

दीपा,

मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितो आहे. तुझ्यापासून किती लांब असेन? फाटकाबाहेर ऑटोवाले "लोहारा, लोहारा" ओरडतात, ते इथे ऐकू येतं.

तुझ्या आईचा उजवा पाय घोट्याच्या वरून काढला. पंचवीस तारखेला. आधी दोन बोटं काढली होती, पण विष वर चढत गेलं. आता ताप उतरत नाही. शुद्धीवर असते. काल मला म्हणाली, "एकच मोजा इणा आता, मेहनत वाचली तुमची." मी बाहेर आलो.

ती पहिल्या दिवसापासून एकच विचारते, "दीपाले कळवलं काय?"

मी हो म्हणालो.

कळवलेलं नाही. इंदुताईंनी फोनवर विचारलं, त्यांनाही सांगितलं की कळवलं. त्या म्हणाल्या, "मंग पोरगी आली काहून नाई?" मी म्हटलं, येईल.

सव्वीस तारखेला ऑटोत बसलो. कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिच्या आडोशाला उभा राहिलो. तीन वाजता पाळी सुटली आणि तू बाहेर आलीस. डब्याची पिशवी, हिरवी ओढणी. वाळली आहेस. एका बाईशी बोलताना हसत होतीस. मी दहा पावलांवर होतो. नुसतं "दीपा" म्हणायचं होतं. तेवढ्यात मनात आलं, तू पहिल्यांदा विचारशील की जखम कशाने झाली. आणि मी तिथेच उभा राहिलो. तुझा ऑटो गेला. टपरीवाल्याने दोनदा विचारलं, काका, चहा देऊ का?

परत आलो. ती दाराकडेच पाहत होती. मी एकटाच आत आलो. तिने काही विचारायच्या आधी मी म्हटलं, "सुटी भेटत नाही तिले. वर्षअखेरचं काम आहे."

ती म्हणाली, "असू द्या. काम टाकून कशी येईन ती? पोटापाण्याचं आहे. येईन सवडीनं."

उद्या येतो. उद्या नक्की हाक मारतो.


राजूर
२२ जानेवारी २०२४

दीपा,

आधीची दोन पत्रं यासोबत आहेत, टाकली नव्हती ती. तारखा पाहून घे. दुसऱ्या पत्रातला 'उद्या' आला नाही. रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायचो आणि रोज काही ना काही कारण काढायचो. औषध आणायचं आहे, डॉक्टर राउंडला येतील. कारणांची मला कमी पडली नाही. दोन जानेवारीला सकाळी ती गेली.

तू आलीस ते मी पाहिलं. इंदुताईंनी तुला फोन केला आणि तू राजूरला पोहोचेपर्यंत तिला बाहेर अंगणात ठेवलं होतं. तू बायकांच्या मागे उभी राहिलीस. बायका कुजबुजत होत्या, ते तुझ्या कानावर पडलंच असेल. बापाने कळवलं होतं, यवतमाळातच होती, तरी मायचं तोंड पाहायला आली नाही, असं. माझ्याकडे फक्त एकदा पाहिलंस. मी खाली मान घातली, तुला वाटलं असेल दुःखाने. तू तशीच परत गेलीस, आणि मी जाऊ दिलं. ते तुझ्यावरचं पाप नव्हतं, माझं होतं. मी ते चारचौघांसमोर तुझ्या अंगावर राहू दिलं.

आता पाचवी ओळ. तू लिहिलं होतंस: 'मोज्यात कुठेही गाठ नको. धागा संपला की जुना नि नवा दोन्ही सोबत धरून पाच-सहा टाके विणायचे. आईच्या पायाला कळत नाही, तिला गाठ टोचलेली समजणार नाही.'

हे मी पाच डिसेंबरला दुपारी वाचलं. मोजे तिच्या पायात होते आणि उजव्या मोज्यात, बरोबर अंगठ्याखाली, माझी दुहेरी गाठ होती. मोर्चा दुसऱ्या दिवशी होता. काढ म्हटलं असतं तर तिने काढला असता. पण मग सांगावं लागलं असतं की उसवायचा आहे, चुकला आहे. ती सगळ्या गल्लीला दाखवून आली होती. मी चार ओळी वाचल्या आणि पाचवी गिळली. एवढीशी गाठ काय करणार, असं मनाशी म्हणालो. त्या गाठीवर ती विहारापर्यंत चालली आणि परत आली.

तुला मी सगळं विचारलं. तोंड, शिडी, टाच, ओळी, डागसुद्धा. एवढं एकच विचारलं नाही, कारण गाठ मला येत होती.

काल तिचं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजींचं झाल्यावर लोक दोन दोन शब्द बोलत होते. रुखमाबाई अशी होती, तशी होती. मी उठलो. हे सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलंय तसंच. गाठीचं, पाचव्या ओळीचं, टपरीचं. पोरीला कोणी कळवलंच नव्हतं, हे मी तीनदा सांगितलं, मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून. उकंडाभाऊ, माझ्यासोबत वीस वर्षं खाणीत होता, तो उठून बाहेर गेला. इंदुताई रडत होत्या. जेवणं झाली तेव्हा माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ते बरोबरच आहे.

मला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर छातीवरचं थोडं उतरेल. उतरलं नाही.

आज सकाळी तो मोजा घेऊन बसलो. डाग तसाच आहे. आतून बोट फिरवलं, गाठ लगेच सापडली. ज्वारीच्या दाण्याएवढी आहे. माझ्या बोटाला लगेच लागली. सुईने सोडवायला पाहिली, सुटत नाही. चांगली बांधलेली आहे.

माफ कर असं लिहीत नाही. तुझा कागद तिच्या ब्लाऊजमधून दवाखान्यातल्या बाईंनी काढून मला दिला, तो पाठवतो आहे. घामाने अक्षर पुसलंय, पण तुझंच आहे. मी त्यात घातलेलं 'तब्येतीले जप' ती शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होती. तिच्यापुरतं ते तूच लिहिलं होतंस.

तिच्या साड्या, पोत आणि तुझ्या सुया पेटीत आहेत. त्या तुझ्या आहेत. येत्या रविवारी ये. अतुललाही आण. मी घरात नसेन. सकाळच्या गाडीने वणीला जाईन आणि स्टँडवर बसेन. किल्ली इंदुताईंकडे राहील. तुम्ही निघालात की त्या मला फोन करतील, मग मी येईन. तुला हवा तेवढा वेळ बस. तिची खाट तशीच आहे. तिथून दार दिसतं.

चपला दारातच काढा. कोणी हात लावणार नाही.